कालरेषेवरील बिंदू आणि इतिहासातील पुरावा : माध्यमिक स्तरावरील ऑनलाइन साधनाची चिकित्सा

प्रास्ताविक

माध्यमिक स्तरावर इतिहासाच्या अध्यापनात ऑनलाइन कालरेषा उपयुक्त मानली जाते. घटनांचा क्रम, त्यांतील अंतर आणि समकालीनता विद्यार्थ्याला एका दृष्टिक्षेपात कळते, हा तिचा गुण निर्विवाद आहे. तथापि घटना केव्हा घडली हे कालरेषा सांगते. ते कशावरून ठरले हे सांगतेच असे नाही. प्रस्तुत लेखात ‘टाइमलाइनजेएस’ या साधनाच्या आधारे या उणिवेचा विचार केला आहे.

साधनाचे स्वरूप

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबने विकसित केलेले हे साधन विनामूल्य आहे. गूगलच्या तक्त्यात प्रत्येक घटनेसाठी एक ओळ भरली की कालरेषा तयार होते. त्यासाठी संगणकाची भाषा अवगत असावी लागत नाही. तक्त्यात वर्ष, महिना, दिवस, शीर्षक, मजकूर व चित्र यांचे रकाने आहेत. चित्राचे श्रेय नोंदविण्यासही रकाना आहे. घटनेच्या पुराव्यासाठी मात्र स्वतंत्र रकाना नाही. वर्ष दिल्याशिवाय घटना रेषेवर येत नाही, त्यामुळे अनिश्चित कालही निश्चित भासतो. याउलट जोसेफ प्रीस्टली यांनी १७६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रविषयक तक्त्यात आयुष्ये रेषांनी दाखविली होती आणि काल अनिश्चित असेल तेथे ठिपके दिले होते. छापील तक्त्याने पाळलेला हा विवेक नव्या साधनाच्या रचनेत दिसत नाही.

शिवजन्मतिथीचे उदाहरण

छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्माची वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७, ही तिथी दीर्घकाळ रूढ होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद आहे. तीवरून १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पुढे आली आणि कालांतराने महाराष्ट्र शासनाने ती स्वीकारली. ही तारीख ज्युलियन गणनेची आहे. ग्रेगोरियन गणनेने त्या दिवशी १ मार्च येतो. शकावली हीसुद्धा एक कालरेषाच होय. परंतु ती कोणत्या घराण्याची, हे तिच्या नावातच आहे. ऑनलाइन कालरेषेवर मात्र हा सर्व वाद एका बिंदूत लुप्त होतो. तारीख पाठ झालेला विद्यार्थी ती कशी सिद्ध झाली याविषयी अनभिज्ञ राहतो, आणि उद्या कोणी वेगळी तारीख ठासून सांगितल्यास तिची पारख करण्याचे साधन त्याच्याजवळ नसते.

उपाययोजना

साधनाच्या मर्यादेतही मार्ग आहे. तारखेच्या जागी हवा तो मजकूर दाखविण्याची सोय त्यात असल्याने ‘शके १५५१, जेधे शकावलीनुसार’ असे लिहिता येते. वादग्रस्त घटनेच्या दोन नोंदी करून प्रत्येकीच्या मजकुरात आधार देता येतो. हे काम शिक्षकाने न करता विद्यार्थ्यांच्या गटांकडे सोपविणे इष्ट. तयार कालरेषेवर केवळ कळ दाबत जाणे हे चित्रे पाहण्यापलीकडे जात नाही. मूल्यमापनातही ‘केव्हा’ या प्रश्नासोबत ‘कशावरून’ हा प्रश्न असावा.

समारोप

कालानुक्रम हा इतिहासाचा सांगाडा आहे, इतिहास नव्हे. ऑनलाइन कालरेषेचे मूल्य तिच्या आकर्षकतेवर नव्हे, तर ती विद्यार्थ्याला पुराव्यापर्यंत नेते की नाही, यावर ठरले पाहिजे.