कुणाच्याच मापाची नसलेली टोपी

तिसगावच्या बाजारात टोपी घेणारा माणूस आरसा मागत नाही. टोप्या डझनाने घ्यायच्या असतात. लग्न ठरलेलं असतं, यादी हातात असते, टॉवेल किती, टोप्या किती, उपरणी किती एवढंच बोलणं होतं. कापडवाला माप विचारत नाही आणि गिऱ्हाईकही सांगत नाही. ती टोपी मांडवात पाहुण्याच्या डोक्यावर घटकाभर टेकते, मग घडी होऊन पिशवीत जाते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या डोक्यावर टेकते. आमच्या घरच्या एका टोपीला आतून निळ्या शाईचा ठिपका पडला होता. तीन लग्नं करून ती आमच्याकडेच परत आली, घडी न मोडता.

कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावरच्या या गावात उभं राहून डोक्यांकडे पाहिलं, तर महाराष्ट्रातल्या शिरोवस्त्राचं आजचं चित्र बऱ्यापैकी कळतं. टोप्या आणि फेटे भरपूर आहेत. लग्न, सत्कार, मिरवणूक, पाडव्याची शोभायात्रा, सगळीकडे डोकी झाकलेली. तरी कला म्हणून पाहिलं तर हा काळ घसरणीचाच म्हणायला हवा, कारण ज्याच्या डोक्यासाठी हे सगळं करायचं, ते डोकं मोजायचंच आपण सोडून दिलं आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या टोपीवाल्यांनी डोक्याचा वेडावाकडा घेर कागदावर उतरवणारं यंत्र काढलं होतं. आपल्याकडे हेच काम आठ-नऊ मीटर कापड आणि बांधणाऱ्याची बोटं करत.

पांढऱ्या टोपीचंच घ्या. तिच्या घडणीमागचा विचार गांधीजींनी काकासाहेब कालेलकरांना सांगितला होता. देशातल्या निरनिराळ्या टोप्या पारखून त्यांनी काश्मिरी टोपीचा घाट निवडला. ती खिशात घडी करून ठेवता यावी, सहज धुता यावी आणि पांढरी असल्याने मळ लपू नये, हा हिशेब. ही खऱ्या रचनाकाराची नजर. गंमत अशी की स्वतः गांधीजींनी १९२१ साली मदुराईत पंचा स्वीकारला आणि डोकं उघडं ठेवलं. त्यांनी जेमतेम वापरलेली टोपी आमच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने शंभर वर्षं सांभाळली, आणि सांभाळता सांभाळता तिच्यात आपली भर घातली: खळ किती द्यायची, नीळ किती, टोक पुढे काढायचं की दाबून बसवायचं, कपाळ किती उघडं ठेवायचं. टोपी एकाच शिलाईची, पण लांबून येणारा माणूस नुसत्या टोपीच्या कलावरून ओळखू यायचा. खाकी चड्डी आणि पांढरी टोपी घालून शाळेत गेलेली आमची पिढी ती टोपी वर्गापेक्षा बोरं गोळा करायला जास्त वापरत असे. तरी वर्गात बसताना ती नीट करायची हे कुणी शिकवावं लागलं नाही.

मग २०११ साल आलं. याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंच्या आंदोलनात टोपीवर अक्षरं छापली गेली. आंदोलनाचं काय ते इतिहास ठरवेल. टोपीपुरतं सांगायचं तर तिच्या दोन्ही बाजू तेव्हापासून जाहिरातीच्या पाट्या झाल्या. आता प्रत्येक पक्षाची, प्रत्येक मेळाव्याची टोपी असते. ती वाचायची असते, घालायची नसते.

फेट्याचं दुखणं याहून खोल आहे. पगडी ही पगडबंदाने बांधून, शिवून दिलेली तयार वस्तू. फेटा किंवा पागोटं मात्र ज्याचं त्याने रोज बांधायचं. गुडघ्यावर कापड घेऊन पीळ द्यायचा, कपाळावर तिरके पेच एकमेकांवर चढवायचे, कानाच्या वरचा पेच सैल की आवळ ते बोटांनी ठरवायचं. होळीपासून पाडव्यापर्यंत मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, तेव्हा तिसगावच्या वाटेवर अजून अशी हाताने बांधलेली डोकी दिसतात. धनगराचा फेटा विस्कटलेला असतो, पण त्याचाच असतो. उन्हात डोकं, रात्री उशी, अडल्या वेळी दोरी. इकडे सत्काराच्या मंचावर चिकटवून, टाचून तयार केलेला फेटा टोपीसारखा चढवतात. पाच सेकंदांचं काम. पाहुणा फोटो होईपर्यंत मान ताठ ठेवतो, कारण फेटा पडेल अशी धास्ती असते. लग्नात निदान बांधणारा कारागीर येतो. एकामागून एक डोकी पुढे सरकतात, त्याची बोटं सफाईदार चालतात, तुरा चुणीदार उभा राहतो. हात त्याचा चांगलाच असतो, पण घाईत सगळ्या डोक्यांना तोच पेच मिळतो. क्रियापद बदललं की कला बदलते. फेटा आपण ‘बांधत’ होतो, आता ‘घालतो’. आणि घालणं मराठीत टोपीबाबत काय अर्थाने वापरतात हे सांगायला नको.

पगडीवर वाद मात्र भरपूर झाले. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०१८ मध्ये शरद पवारांनी पुण्याच्या सभेत छगन भुजबळांच्या डोक्यावर पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी ठेवली. पुढे पुणे विद्यापीठाच्या पदवीदान समारंभातही कोणती पगडी यावरून घोषणा झाल्या. जातीचा आणि इतिहासाचा तो वाद खराच आहे, क्षुल्लक नाही. पण पगडी चांगली बांधली आहे का, हे त्यात कुणी विचारलं नाही.

चांगलं बांधलं आहे का हे पाहणारी नजर मला सापडते ती जिथे कुणी कलेचं नाव घेत नाही तिथे. आमच्याच पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायका जुन्या लुगड्याची चुंबळ वळतात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं, तेव्हा चुंबळ तसूभर सरकली तरी मान जाते. म्हणून एक वेढा सोडायचा, पुन्हा वळायची, डोक्यावर दाबून बघायची. शिरोवस्त्रांच्या इतिहासात चुंबळीला जागा नाही, तशी कुंचीलाही नाही. खणाचे, छिटाचे उरलेले तुकडे जोडून आजी नातवासाठी कुंची शिवते. वीत लावून डोकं मोजते. तेवढंच कापत नाही. कडेला दोन बोटं कापड आत दुमडून ठेवते आणि टाके सैल घालते, पावसाळ्यात उसवायला सोपे जावेत म्हणून.