देवपुत्र, ज्ञानी की बळी?

येशू हा ईश्वराचा पुत्र होता की केवळ एक ज्ञानी माणूस, हा प्रश्न नागपूरला परका नाही. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने १८४५ मध्ये येथे काम सुरू केले. त्याच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून उभे आहे. याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो अस्पृश्यांनी ईश्वराला स्थान नसलेला धम्म स्वीकारला. त्यामुळे आपल्या अभ्यासवर्गात हा विषय निघाला की कार्यकर्ते झटकन सांगतात : देव नव्हता, थोर माणूस होता; विषय संपला. मला हे उत्तर अपुरे वाटते. देवत्व नाकारणे ही विवेकाची पहिली पायरी आहे, हे खरे. पण ‘थोर माणूस’ म्हणून मोकळे होणे ही पुष्कळदा प्रश्नातून निसटण्याची वाट असते.

‘ज्ञानी येशू’ची ठळक मांडणी या देशात राजा राममोहन रॉय यांनी केली. १८२० मध्ये त्यांनी शुभवर्तमानांतील नीतिवचने निवडून प्रसिद्ध केली आणि चमत्कार व त्रैक्याचा सिद्धान्त बाजूला ठेवला. श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन त्यांच्यावर तुटून पडले. राममोहन यांचे धाडस नाकारण्याचे कारण नाही. परंतु अशा निवडीनंतर हाती काय उरते? उपदेश. आणि उपदेश कोणालाही परवडतो. सावकारालाही परवडतो आणि शंकराचार्यालाही. शेजाऱ्यावर प्रेम करा, एवढेच सांगत फिरणाऱ्या माणसाला रोमन सत्ता क्रूसावर का चढवील? क्रूस हे गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखून ठेवलेले मरण होते. पिलाताच्या अमदानीत ख्रिस्ताला देहदंड झाला, ही नोंद टॅसिटस या रोमन इतिहासकाराने केली आहे, आणि तो काही ख्रिस्ताचा भक्त नव्हता. नीतिवचनांच्या संग्रहात या मरणाचे उत्तर सापडत नाही.

देवत्वाच्या बाजूनेही हे उत्तर झाकलेच जाते. पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे आहेत, हा निर्णय ३२५ मध्ये निकिया येथील परिषदेत झाला. ती परिषद सम्राट कॉन्स्टन्टाइनने बोलावली होती. ज्या साम्राज्याने या माणसाला मारले, त्याच साम्राज्याच्या आश्रयाने त्याच्या देवत्वाची व्याख्या ठरली! मराठीत या देवत्वाला भक्तीचे रूप दिले ते नारायण वामन टिळकांनी. धर्मांतरापूर्वी टिळक काही काळ नागपुरात होते. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, ही त्यांची भूमिका प्रसिद्ध आहे. त्यांचे अपुरे राहिलेले महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्याचे नाव ‘ख्रिस्तायन’. हे नावच पुरेसे बोलके आहे. रामायणाच्या साच्यात ख्रिस्त बसवला की तो मराठी होतो, परंतु अवतारही होतो. टिळकांची तळमळ अस्सल होती. तरी त्यांच्या काव्यदृष्टीत भक्त आणि देव हे नाते अढळ राहते. ते नाते बदलण्याची गरज त्या दृष्टीला भासत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. गुलामाचे मरण पत्करणारा देव अस्पृश्याला आपला वाटला, यात नवल नाही. ज्याला देवळाची पायरीही बंद, त्याला असा देव माणूसपण देऊन गेला. त्या श्रद्धेची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु देव बदलला म्हणून जात गेली नाही. ती चर्चच्या बाकांवर आणि दफनभूमीतही जाऊन बसली.

या दोन्ही उत्तरांपलीकडे पहिले पाऊल टाकले ते जोतीराव फुल्यांनी. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी बाप्तिस्मा घेतला नाही. ‘गुलामगिरी’त (१८७३) ते ख्रिस्ताला पश्चिमेकडील बळीराजा म्हणून पाहतात. मराठीत ‘बळी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पाद्री सांगतो की ख्रिस्ताने आपला बळी दिला. जोतीराव ज्या बळीची आठवण काढतात तो रयतेचा राजा आहे, आणि त्याला कपटाने पाताळात गाडले आहे. एका अर्थात मरण ही ईश्वराची योजना ठरते, दुसऱ्यात तो गुन्हा ठरतो आणि गुन्हेगाराचे नाव विचारता येते. माझ्या मते येशूविषयी मराठीत झालेली ही सर्वांत क्रांतिकारक समीक्षा आहे.

बाबासाहेबांनी आणखी एक प्रश्न पुढे आणला. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी ओढ व्यक्त केली होती. पण १९५० च्या महाबोधी नियतकालिकातील लेखात आणि पुढे १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये ते विचारतात की संस्थापक स्वतःच्या धर्मात स्वतःला कोणते स्थान देतो. येशूने स्वतःला ईश्वरपुत्र मानायला लावले. बुद्धाने स्वतःसाठी स्थान मागितले नाही. तो मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. स्ट्राउसने १८३५ मध्ये येशूचे चरित्र चिकित्सेला घेतले तेव्हापासून संशोधक शुभवर्तमानांतले थर वेगळे करीत आले आहेत. सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या मार्कात, आपल्याला उत्तम म्हणणाऱ्यालाही येशू अडवतो. योहानात मात्र तो आरंभापासूनच देवापाशी आहे. मग बाबासाहेबांनी चर्चचा ख्रिस्त हाच येशू मानला काय? मला वाटते, त्यांचा रोख धर्म म्हणून जगणाऱ्या ख्रिस्तावर होता, आणि माणसे त्याच ख्रिस्ताच्या नावाने जगतात. शिवाय स्ट्राउसने येशूविषयी जी चिकित्सा आरंभली, तशी बाबासाहेबांनी बुद्धाविषयी स्वतःच केली. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला, ही कथा त्यांनी नाकारली आणि रोहिणीच्या पाण्याचा तंटा पुढे ठेवला. ईश्वरी दुःखाच्या जागी सामाजिक संघर्ष आला.

हाच निकष आता आपल्या घरात लावू या. बावीस प्रतिज्ञांत बुद्ध विष्णूचा अवतार असल्याचे नाकारले आहे. तरी त्या इंग्रजी ग्रंथाच्या मराठी अनुवादाच्या नावात ‘भगवान’ हा शब्द आला. पाली परंपरा त्याची फोड राग, द्वेष, मोह भग्न केलेला अशी करते. पण आपल्या कानाला तो देवच ऐकू येतो. बाबासाहेबांच्या बाबतीत तर दोन्ही गोष्टी चालू आहेत. आपण त्यांना देव्हाऱ्यात बसवतो, आणि प्रस्थापित व्यवस्था त्यांना सुविचाराच्या फलकावर बसवते. १९३६ चे ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ हे भाषण ज्यांना ऐकवले नाही, त्यांच्या वारसांना आज त्यांचे अभ्यासाविषयीचे एखादे वाक्य चालते. देव्हारा आणि फलक यांचे काम एकच आहे : त्या माणसाचा संघर्ष दृष्टीआड करणे.

म्हणून अभ्यासवर्गांतून देव की ज्ञानी, एवढ्यावर हात वर करून मोजणी करू नये. येशू असो, बुद्ध असो वा बाबासाहेब, तो कोणाच्या बाजूने उभा राहिला, त्याची भीती कोणाला वाटली, आणि त्याच्या अनुयायांना त्याला प्रश्न विचारता येतात काय, हे विचारावे. यातला शेवटचा प्रश्न आपल्याला सर्वांत जड जाणार आहे. सुरुवात त्यापासूनच करावी.