अंधारनगरीची घडण : भूमिकाखेळातील काळोखे नगर आणि दख्खनचा अनुभव

सारांश

मेजावर खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळासाठी काळोख्या अद्भुत नगराची रचना कशी केली जाते आणि तिचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे. अशा नगराची भयानकता राक्षसांच्या संख्येवर नव्हे, तर त्या नगराच्या नियमांवर आणि देण्याघेण्याच्या व्यवस्थेवर अवलंबून असते, हे लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी तीन प्रसिद्ध पाश्चात्त्य खेळस्थळे, ‘तुंबाड’ हा चित्रपट आणि दख्खनच्या इतिहासातील काही वास्तव यांचा आधार घेतला आहे.

बीजशब्द : भूमिकाखेळ, काळोखी अद्भुतकथा, स्थळरचना, सूत्रधार, दख्खन, खत, गावकूस.

१. प्रस्तावना

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रकाशित झाला आणि भूमिकाखेळ या प्रकाराला निश्चित रूप मिळाले. चार-पाच खेळाडू मेजाभोवती बसतात. प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो. एक जण जगाचे वर्णन करतो, इतर सर्व पात्रे बोलतो आणि नियमांचा निवाडा देतो. मराठी नाट्यपरंपरेतील शब्द वापरायचा तर तो या खेळाचा सूत्रधार होय. अनिश्चित प्रसंगांचा निर्णय फासे देतात. अनेक बैठकांतून चालणाऱ्या अशा सलग कथेला मोहीम म्हणतात.

मोहिमेचे स्थळ हा साहित्यसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे उत्तर होकारार्थी द्यावे लागते. कादंबरीतील नगर वाचकाने पाहावयाचे असते. खेळातील नगरात खेळाडूने वागावयाचे असते. कादंबरीकार एक वाट निवडतो आणि उरलेल्या वाटा अंधारात ठेवू शकतो. सूत्रधाराला ही सवलत नाही. खेळाडू कोणत्याही गल्लीत शिरेल, कोणाचेही दार ठोठावेल आणि ‘येथे असे का आहे?’ असे विचारील. म्हणून खेळाचे स्थळ हे वर्णनापेक्षा कार्यकारणाची मांडणी अधिक असते.

भारतीय काव्यशास्त्राने भयानक आणि अद्भुत हे दोन स्वतंत्र रस मानले आहेत. एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा विस्मय. काळोख्या अद्भुतकथेत हे दोन्ही एकाच वेळी जागे राहावे लागतात. केवळ भय असेल तर खेळाडू पळून जातो. केवळ विस्मय असेल तर तो पर्यटक होतो. दोन्ही असतील तरच तो त्या नगरात थांबतो.

२. तीन खेळस्थळे

१९८३ मध्ये ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांनी ‘रेव्हनलॉफ्ट’ ही मोहीम लिहिली. धुक्याने वेढलेली बरोव्हियाची दरी, वर किल्ला आणि त्यात स्ट्राड हा रक्तपिपासू सरदार. या रचनेचे यश सरदाराच्या क्रौर्यात नाही. त्याचा हेतू काय आणि त्याला मारण्याची साधने कोठे आहेत, हे प्रत्येक खेळात पत्ते काढून ठरते. त्यामुळे स्थळ ओळखीचे असूनही अज्ञात राहते. तिची मर्यादाही उघड आहे. सगळा काळोख एका व्यक्तीत साठवलेला आहे. ती व्यक्ती संपली की दरीतील गावकऱ्यांच्या जगण्याविषयी विचारण्यासारखे फारसे उरत नाही.

१९९४ मधील ‘प्लेनस्केप’ या मालिकेतील सिगिल हे नगर याहून वेगळे आहे. हे दारांचे शहर असून प्रत्येक दाराला स्वतःची किल्ली लागते आणि सत्तेसाठी झगडणारे पंथ गल्लोगल्ली आहेत. येथे विस्मय विपुल आहे. भय मात्र विरळ होते, कारण सर्वच विलक्षण असल्यामुळे काहीच अघटित वाटत नाही.

जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ (२०१७) या खेळातील डॉस्कव्होल हे नगर या तिन्हींत अधिक विचारपूर्वक घडलेले आहे. तेथे सूर्य विझला आहे, मृतांचे आत्मे भटकतात आणि शहराभोवती विजेचे कुंपण आहे. त्या कुंपणाला लागणारे इंधन समुद्रातील अजस्र प्राण्यांच्या रक्तापासून मिळते. प्रत्येक दिव्यामागे कोणीतरी मोजलेली किंमत आहे. खेळाडू स्वतः गुन्हेगारांच्या टोळीतले असल्यामुळे ते या व्यवस्थेबाहेरचे तारणहार राहत नाहीत. तेही तिचे भागीदार ठरतात.

या तुलनेतून एक निकष हाती येतो. ज्या नगराच्या काळोखाला कारण आहे, किंमत आहे आणि लाभार्थी आहे, तेच नगर खेळाडूच्या कृतीला प्रतिसाद देऊ शकते.

३. मराठी परंपरा आणि ‘तुंबाड’

मराठीत अद्भुताची परंपरा जुनी आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हापासून अद्भुतरम्य कादंबरीने एका पिढीचे रंजन केले. तेथील स्थळे मात्र प्रसंगांच्या सोयीसाठी उभी केलेली आहेत. विसाव्या शतकात नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकथा वाड्यात, गावात आणि मध्यमवर्गीय घरात आणली. परिचित उंबरठ्यावर अपरिचित उभे करणे हे त्यांचे सामर्थ्य होय.

धारपांच्या एका कथेची प्रेरणा असलेला राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ हा चित्रपट २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीचे स्मरण देते. भाषा हिंदी असली तरी १९१८ ते १९४७ या काळातील त्याचे जग महाराष्ट्राचे आहे. काळोख्या स्थळाच्या रचनेचा नमुना म्हणून तो अभ्यसनीय आहे, कारण त्यातील प्रत्येक भय नियमबद्ध आहे. हस्तरला सोने मिळाले, धान्य नाकारले गेले. म्हणून तो पिठाच्या बाहुलीकडे धावतो, म्हणून त्या क्षणी मोहरा लुटता येतात आणि म्हणून त्याच्या स्पर्शाने बाधित झालेल्याला मरणही येत नाही. नायक हे नियम शिकतो, वापरतो आणि शेवटी अधिक बाहुल्या नेल्या तर अधिक मोहरा मिळतील, या हिशेबात फसतो. त्याचा नाश नियम मोडल्याने होत नाही. नियम लोभाच्या अंगाने पुरता वापरल्याने होतो.

भूमिकाखेळाच्या सूत्रधाराने घ्यावा असा हा धडा आहे. तरीही ‘तुंबाड’ हे एका घराण्याच्या लोभाचे स्थळ आहे. त्यातील गाव पावसात भिजलेली पार्श्वभूमी म्हणूनच राहते. नगर उभे करावयाचे तर घराण्याच्या पलीकडे, अनेकांना एकत्र बांधणाऱ्या व्यवस्थेकडे वळावे लागते.

४. दख्खनची नगरे

नगर–मनमाड रस्त्यावरील राहात्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी काही तरुणांनी अशी मोहीम मांडली, तर त्यांना युरोपातील टोकदार मनोऱ्यांची शहरे उसनी आणण्याची आवश्यकता नाही. देवगिरी ही यादवांची राजधानी होती. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी तेथे हलवली आणि तिचे नाव दौलताबाद झाले. तेथील किल्ल्यात खडकात कोरलेली ‘अंधारी’ ही काळोखी वाट आजही पाहता येते. शत्रूला दिशाभ्रम व्हावा, त्याने वळणावर अडखळावे, म्हणून ती घडवली होती. म्हणजे काळोख हा तेथे स्थापत्याचा भाग आहे. कोणीतरी तो योजला, कोणीतरी तो कोरला आणि कोणाच्या तरी रक्षणासाठी तो होता.

खुद्द अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) ही १४९० मध्ये स्वतंत्र झालेल्या निजामशाहीची राजधानी होती. शहराला दूरवरून पाणी आणणारे खापरी नळ जमिनीखालून जात. १५९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंगाने तट उडवला आणि चांदबिबीने रातोरात खिंडार बुजवून घेतले. १६०० मध्ये तिची हत्या झाली आणि किल्ला पडला. वेढा, जमिनीखालचे पाणी, एका रात्रीत उभारावयाची भिंत आणि आतूनच होणारा घात : मोहिमेला लागणारी सर्व सामग्री येथे आहे.

५. खत आणि सावली

स्थापत्य मिळाले तरी नगर पूर्ण होत नाही. त्याचा काळोख कशाचा, हे ठरवावे लागते. या जिल्ह्याच्या इतिहासात त्याचे एक उत्तर आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे या भागांत पसरला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव पुढे कोसळले होते, सारा वाढला होता आणि जमिनी गहाण पडत होत्या. जमावाचा रोख प्रामुख्याने सावकारांकडील खतांवर होता. ती मिळवून जाळण्यात आली. माणसांवरील हिंसा तुलनेने कमी झाली. १८७९ मध्ये सरकारला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला.

खेळाच्या भाषेत पाहता ही घटना विलक्षण आहे. येथे मोहिमेचे ध्येय जादूची तलवार नसून कागद आहे. एका कागदावरच्या अंगठ्याने माणसाची जमीन, श्रम आणि पुढची पिढी बांधली जाते, याहून प्रभावी शाप कोणता कथाकार लिहील? परंतु येथेच सावधगिरी आवश्यक आहे. सावकार ज्या समाजांतून आले, त्या समाजांना राक्षस ठरवणे हे इतिहासाशी आणि माणुसकीशी द्रोह करणारे होईल. शेतकऱ्याला बुडवणारी शक्ती बाजारभाव, सारा, न्यायालय आणि खत यांच्या जुळणीत होती. काळोख व्यक्तीत नसून व्यवस्थेत आहे, हा निकष येथे केवळ कलात्मक राहत नाही; तो नैतिकही ठरतो.

दुसरे उदाहरण अधिक दाहक आहे. पेशवेकालीन पुण्यात दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊपूर्वी महार-मांगांना वेशीच्या आत प्रवेश नव्हता, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात, असे गो. स. घुर्ये यांनी आपल्या जातिविषयक ग्रंथात नोंदवले आहे. ‘सावली लांब झाली की वेस बंद’ हे वाक्य एखाद्या काळोख्या नगराच्या वर्णनात आले, तर खेळाडू सूत्रधाराच्या कल्पकतेला दाद देईल. ते कल्पित नाही, हे कळल्यावर त्या दादेचे काय करावयाचे, हा खरा प्रश्न आहे. मराठी मुलखातील तटबंदी, वेस आणि गावकूस ही निरागस चित्रे नाहीत. तट रेखाटताना तटाबाहेर कोण राहते, हे ज्याने ठरवले नाही, त्याने नगर रचलेले नाही, केवळ नेपथ्य उभे केले आहे.

६. एका रचनेची रूपरेषा

वरील विवेचनावरून एक नगर कल्पिता येईल. कोरड्या पठारावर तटबंदीचे शहर. पाणी फक्त जमिनीखालच्या नळांतून. मध्यभागी दप्तरखाना. प्रत्येक रहिवाशाने पाण्याच्या बदल्यात काहीतरी गहाण ठेवले आहे : कोणी आवाज, कोणी नाव, कोणी आईची आठवण, कोणी सावली. ज्याची सावली गहाण आहे, त्याला दिवस मावळण्यापूर्वी वेशीबाहेर जावे लागते. शहरातले दिवे गहाण पडलेल्या आठवणींवर जळतात.

या नगरात एकही राक्षस नाही, तरी प्रत्येक बैठकीत निर्णयाचा प्रसंग उभा राहतो. दप्तर जाळावे, तर गोरगरिबांच्या हक्कांचे कागदही त्यातच आहेत. नळ फोडावा, तर प्रथम तहानेने तडफडेल ती खालची पेठ. दप्तरदाराला मारावे, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा बसेल. वेशीबाहेरची माणसे दयेची पात्रे नसून नळांचे मार्ग ठाऊक असलेली एकमेव जाणकार आहेत; त्यांच्यावाचून मोहीम पुढे सरकत नाही. मुख्य म्हणजे खेळाडूंच्या पात्रांनीही आरंभी काहीतरी गहाण ठेवलेले असावे. बाहेरून येऊन उद्धार करण्याची सोय काढून घेतली की खेळ गंभीर होतो.

७. एक आक्षेप

खेळ हा करमणुकीसाठी असतो. त्यावर इतिहासाचे ओझे लादल्यास त्यातील आनंद नष्ट होईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो सर्वस्वी निराधार नाही. सूत्रधाराने व्याख्यान सुरू केले की फासे मेजावर पडून राहतात. परंतु वर सुचवलेल्या रचनेत इतिहास सांगितला जात नाही, तो नियम होऊन येतो. खेळाडूने १८७५ हे साल ऐकलेलेही नसेल. दप्तरासमोर मशाल घेऊन उभा राहिल्यावर त्याला जो पेच जाणवेल, तो मात्र खरा असेल. ज्यांच्या पूर्वजांनी गावकुसाबाहेरचे जगणे भोगले, तेही मेजाभोवती बसलेले असू शकतात. म्हणून प्रत्यक्ष जातींची नावे न वापरणे आणि कोणता विषय नको, हे आधी विचारून घेणे, हे सूत्रधाराचे कर्तव्य ठरते.

८. निष्कर्ष

अंधारनगरीची कसोटी तिच्यातील काळोखाच्या गडदपणात नसून त्याच्या हिशेबात आहे. तो कोणी निर्माण केला, कोणाच्या कामी येतो, त्याची किंमत कोण मोजतो आणि तो कमी कसा होईल, या चार प्रश्नांना जे नगर उत्तर देते ते खेळण्यास योग्य. यांतील चौथा प्रश्न बहुधा दुर्लक्षिला जातो. काळोख अपरिवर्तनीय असेल तर फासे टाकण्याला अर्थ राहत नाही. याच राहाता तालुक्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर साखर कारखाना उभारला आणि १९५० च्या सुमारास तो सुरू झाला. खतांनी बांधलेल्या मुलखात शेतकऱ्यांनी भागभांडवलाचे कागद स्वतःच्या नावे करून घेतले. पुढे त्या व्यवस्थेचेही गुणदोष दिसले. कोणतीही व्यवस्था काळोखापासून कायमची मुक्त नसते. तथापि कागद बांधतो तसा सोडवूही शकतो, ही जाणीव या मुलखाच्या अनुभवात आहे. काळोख्या नगराच्या रचनाकाराने नगराच्या वेशी, नळ आणि दप्तर रेखाटताना तीही खेळाडूच्या हाती ठेवली पाहिजे.