‘पर्सोना’ चित्रमालिकेंतील मृत्युविचार

खेळावरून रचलेल्या चित्रपटांत कलेला जागा कितपत उरणार, असा प्रश्न सुशिक्षित प्रेक्षकाच्या मनांत सहज येतो; आणि बहुतेक उदाहरणें पाहतां तो गैरवाजवी आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. तथापि ‘पर्सोना ३’ या जपानी व्हिडिओ गेमवरून २०१३ ते २०१६ या काळांत जे चार ॲनिमे चित्रपट निघाले, त्यांतील शेवटचा, तोमोहिसा तागुची यांनीं दिग्दर्शिलेला ‘विंटर ऑफ रीबर्थ’, या प्रश्नास निराळें उत्तर देतो. मृत्यूविषयीं त्याला कांहीं सांगावयाचें आहे, आणि तें मूळ खेळाहून वेगळ्या वाटेनें सांगणें त्याला भाग पडलें आहे.

मूळ खेळ ॲटलस कंपनीनें २००६ सालीं काढला. त्यांत एका शाळकरी मुलाचें एप्रिलपासूनचें वर्ष दिवसादिवसानें खेळणाराच्या हातीं दिलेलें असतें. आजची संध्याकाळ मित्राला द्यावी, अभ्यासाला द्यावी, कीं रात्रीं टार्टारस नामक मनोऱ्यांत छायाराक्षसांशीं झुंजावें, हें त्यानेंच ठरवावयाचें. एकाला दिलेला वेळ दुसऱ्याला देतां येत नाहीं. आयुष्य मोजकें आहे हें खेळणारास कोणी उपदेशानें सांगत नाहीं. तें त्याला स्वतःच्या जमाखर्चांतच दिसतें. चित्रपटाच्या प्रेक्षकापाशीं खर्चावयास दिवसच नाहींत! तो स्वस्थ बसून दुसऱ्याचे दिवस सरतांना पाहतो. ही हानि मोठी आहे, आणि ती भरून काढल्यावांचून हें रूपांतर फोल ठरलें असतें.

ती भरून काढली आहे नायकाच्या स्वभावचित्रणानें. खेळांतील नायक जवळजवळ मुका. त्याचें नांवही खेळणारानेंच ठेवावयाचें. चित्रपटांत तो माकोतो युकी होतो, आणि त्याला एक स्वभाव मिळतो, तो उदासीनतेचा. दहा वर्षांपूर्वीं एका पुलावरील अपघातांत आईबाप गेले. तेव्हांपासून त्याला कशाचेंच सोयरसुतक नाहीं. मनाच्या तळाशीं असलेली शक्ति जागी करण्यासाठीं या कथेंतील मुलें पिस्तुलासारखें एक साधन स्वतःच्याच डोक्यास लावून चाप ओढतात. त्यांत गोळी नसते, पण मरणाला सामोरें जाण्याचा अनुभव मात्र त्यांना घ्यावा लागतो. युकारी ताकेबा या मुलीचा हात तेथें थरथरतो. माकोतोचा थरथरत नाहीं. भोळा प्रेक्षक याला धैर्य म्हणेल. परंतु ज्याला जगण्याची गोडीच नाहीं त्याला मरणाची भीति कोठून वाटणार? औदासीन्याला वैराग्याचें नांव देऊन गौरविण्याची खोड आपल्याकडेही कमी नाहीं. तशी ज्यांना असेल त्यांनीं हा प्रसंग अवश्य पाहावा. मात्र हीच मुद्रा पुढें लढाईगणिक इतक्यांदा येते कीं तिची भीषणता पार झिजून जाते. मुलांना हे चित्रपट दाखविण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं ते स्वतः पाहावे, हें सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

मधल्या भागांत मरणें घडतात. शिंजिरोच्या हातून नकळत केन या मुलाची आई मारली गेलेली असते. त्याच केनसाठीं तो गोळी आपल्या अंगावर झेलतो. चिदोरी आपलें आयुष्य जुनपेईला देऊन जाते. माकोतोभोंवतीं माणसें जमतात, आणि तीं जमूं लागल्यावरच त्याला गमावण्याची धास्ती कळूं लागते.

परंतु या कथेचें खरें मर्म र्योजीच्या पात्रांत आहे. दहा वर्षें माकोतोच्याच अंतरीं कोंडलेला मृत्यूचा अंश बाहेर येऊन हा हंसरा वर्गमित्र झालेला असतो. आणि आपण कोण हें प्रथम त्याचें त्यालाही ठाऊक नसतें. स्मृति परत आल्यावर तो सांगतो कीं, निक्स येणार आणि सर्वांचा अंत होणार, तो कोणास टळावयाचा नाहीं. मात्र ता. ३१ डिसेंबरला मला ठार मारा, म्हणजे हें सारें तुम्ही विसराल आणि शेवटपर्यंत सुखानें राहाल. कठोपनिषदांत नचिकेता यमाच्या दारीं जातो, आणि यम त्याला दीर्घायुष्याचीं, हत्तीघोड्यांचीं लालूच दाखवितो. येथें मृत्युच मित्र होऊन दारीं आला आहे, आणि त्याच्यापाशीं देण्यासारखें एकच आहे: विस्मरण. शिवाय तें तो कपटानें देत नाहीं, मायेनें देतो. म्हणूनच तें नाकारणें कठीण. खेळांत ही निवड खेळणाराच्या हातीं असते, आणि विस्मरण पत्करल्यास कथा तेथेंच आटोपते. चित्रपटांत निवड एकच असणार हें आपण जाणतों. तरीही डिसेंबरचे ते दिवस दिग्दर्शकानें घाईनें उरकले नाहींत, ही त्याची रसिकता होय.

त्यानंतरचें निक्सबरोबरचें युद्ध आम्हांस रुचलें नाहीं. इतक्या प्रकाशांत आणि गोंगाटांत मृत्यु केवळ एक मोठा राक्षस होऊन बसतो, आणि र्योजीनें निर्माण केलेली सारी नाजुकता कांहीं वेळ विरून जाते. पुढें मार्चमध्यें, शाळेच्या गच्चीवर, माकोतो आइगिस या यंत्रकन्येच्या मांडीवर डोकें ठेवून पडलेला दिसतो. मनुष्यासारखें मरण जिच्या वाट्यास नाहीं, तिलाच या मुलाच्या सोबतीनें जगण्याचा अर्थ सांपडलेला असतो. तो मेला, असें कोणी म्हणत नाहीं. २००७ सालीं निघालेल्या खेळाच्या वाढीव आवृत्तींत तें उघड करून सांगितलें होतें, व त्याची सविस्तर कारणमीमांसाही जोडली होती. चित्रपट मात्र मुलाचे डोळे मिटतांच थांबतो.