सन नसलेली डायरी

जे. ए. बेकरचं 'द पेरेग्रिन' हे पुस्तक 1967 मध्ये आलं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर एसेक्स नावाचा भाग आहे. तिथे एक माणूस ऑक्टोबरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत सायकलवरून बहिरी ससाणा शोधत हिंडतो, दिसला की त्याच्या मागे जातो, आणि जे पाहिलं ते डायरीत लिहितो. कथानक म्हणावं तर एवढंच. पुस्तकाला डफ कूपर पुरस्कार मिळाला. 2005 मध्ये रॉबर्ट मॅकफार्लनच्या प्रस्तावनेसह नवी आवृत्ती आली आणि पुस्तकाचा बोलबाला पुन्हा सुरू झाला. वर्नर हर्झोग हा दिग्दर्शक आपल्या फिल्म स्कूलच्या विद्यार्थ्यांना जी मोजकी पुस्तकं वाचायलाच लावतो, त्यात हेही आहे. आज निसर्गलेखनाच्या कुठल्याही 'हे वाचाच' यादीत ते सापडतं.

पुस्तक थोर आहे याबद्दल माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्याच्या कौतुकाच्या पद्धतीशी. 'भाषा बघा, काय भाषा आहे' असं म्हणत सगळे एका साध्या प्रश्नाला वळसा घालतात. या डायरीत दिवस आहे, महिना आहे, पण सन नाही. नदी आहे, खाडी आहे, ओढा आहे, पण एकाचंही नाव नाही. का?

सन नाही, कारण हा एक हिवाळा नाहीच. आपण दहा वर्षं ससाण्यांच्या मागे होतो, हे बेकर सुरुवातीलाच सांगतो. त्या दहा हिवाळ्यांतले दिवस उचलून त्याने एकच हंगाम रचला. त्यातली हाडं गोठवणारी थंडी बहुधा 1962-63 च्या हिवाळ्याची असावी, पण तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा दिवस कुठल्या वर्षाचा, हे कळायला मार्ग नाही. जागेचं कोडं त्या मानाने सोपं. चेम्सफर्ड हे बेकरचं गाव. तिथून चेल्मर नदी पूर्वेला वाहत जाते आणि माल्डनजवळ ब्लॅकवॉटरच्या खाडीला मिळते. बेकरचा इलाखा तो हाच, हे आता सर्वमान्य आहे. बेकर स्वतः ऑटोमोबाइल असोसिएशनच्या ऑफिसात नोकरीला होता, आणि त्याला गाडी चालवता येत नव्हती. सगळी भटकंती सायकलवर आणि पायी.

'ऑटम' म्हटलं की आपल्याला पानगळ आठवते, कारण सिनेमांनी तीच दाखवली. किनाऱ्यावरच्या पक्षीनिरीक्षकासाठी मात्र ऑटम म्हणजे आवक. ब्लॅकवॉटरच्या खाडीत सायबेरियातून ब्रेंट हंस येतात, स्कँडिनेव्हियातून फील्डफेअर येतात, ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर डनलिनचे थवे उतरतात. आणि या सगळ्यांच्या मागोमाग ससाणा. आपल्या कोकणातही हेच घडतं. पाऊस सरला, भात कापणीला आलं, ऑक्टोबर हीट सुरू झाली की खाड्यांमध्ये उत्तरेकडचे पाहुणे दिसायला लागतात. टुंड्रात घरटी करणारी बहिरी ससाण्याची एक उपजात हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यापर्यंत येते. बेकरच्या पुस्तकात ससाण्याच्या तावडीत पुन्हापुन्हा सापडणारा काळ्या डोक्याचा कुरव मुंबईच्या समुद्रावरही येतो. त्यामुळे एसेक्सची थंडी आपल्याला परकी असली तरी 'आज काय आलं असेल' ही ऑक्टोबरची उत्सुकता परकी नाही.

बेकरचं खरं बळ इथेच आहे. ससाणा शोधायचा कसा, हे त्याच्याइतकं नीट क्वचितच कुणी लिहिलं असेल. तो आभाळात ससाणा शोधत बसत नाही. तो बाकीच्यांकडे बघतो. शेतातली कबुतरं एकदम उठली, लॅपविंग ओरडत वर गेले, चिखलावरचा थवा एका क्षणात एकवटून वळला, की ससाणा कुठेतरी वर आहे. तो दिसतो सगळ्यात शेवटी, आधी दिसते त्याची भीती. पानंच्या पानं बेकर फक्त ही भीती वाचत असतो. वारा कुठून आहे, धुकं कधी निवळलं, उजेड कसा पडलाय, याच्याही नोंदी येतात, पण त्या सजावटीच्या नसतात. त्यावरून शिकार कुठे होईल याचा अंदाज बांधला जातो. खाडीकाठी दुर्बीण घेऊन तासभर उभं राहिलेल्या कुणालाही हे वाचताना पटतं की या माणसाने बघण्यात आयुष्य घातलं आहे.

आता उलट बाजू. समजा, बेकरने ही डायरी ईबर्डवर टाकली असती. ईबर्डची चेकलिस्ट काय मागते? तारीख, वेळ, जागा, किती मिनिटं बघितलं, किती अंतर चाललात, कुठला पक्षी, किती संख्या. त्या भागात त्या काळात न अपेक्षिलेला पक्षी किंवा न अपेक्षिलेला आकडा टाकला की नोंद तपासणाऱ्याकडे जाते. बेकरची जवळजवळ प्रत्येक नोंद तिथे अडकली असती. त्याच्या पुस्तकात ससाणे फार वेळा दिसतात, फार जवळून दिसतात, आणि त्यांचे हिशेब त्या काळातल्या बाकी निरीक्षकांच्या अनुभवाशी जुळत नाहीत, असा आक्षेप जाणकार पक्षीनिरीक्षकांनी घेतला आहे. तो केस्ट्रेललाच ससाणा समजत होता इथपासून ते पाळलेले आणि निसटलेले ससाणे बघत होता इथपर्यंत तर्क झाले. मला हे तर्क फारसे पटत नाहीत. ज्याला थव्याच्या वळण्यावरून शिकारी ओळखता येतो तो दहा वर्षं केस्ट्रेलमध्ये फसेल असं वाटत नाही. पण माझ्या पटण्या-न पटण्याला इथे किंमत नाही, हीच तर अडचण आहे. कुठलीच नोंद पडताळता येत नाही. आमच्या धंद्यात टाइमस्टॅम्प नसलेला लॉग कितीही सुंदर असला तरी त्यावरून बग सापडत नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं: अरे, हे साहित्य आहे, डेटा नाही. हे उत्तर मला आळशी वाटतं. व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळीतली उलथापालथ लिहिली. त्यामागेही जंगलात बसून केलेलं निरीक्षण आहे. पण ती कादंबरी म्हणून आपल्या हातात येते, आणि आपण ती त्या कराराने वाचतो. बेकरने डायरीचा करार केला. '1 ऑक्टोबर' असं लिहिलं की वाचक समजतो, हे त्या दिवशी घडलं. दहा वर्षांचं एक वर्ष केलंय हे कबूल करूनही त्या तारखेचं वजन तो वापरतोच.

आणि 1967 साली या वजनाला फार किंमत होती, कारण पक्षी मरत होता. बहिरी ससाण्यांमुळे आमची शर्यतीची कबुतरं मरतात, अशी ब्रिटनमधल्या कबुतरबाजांची तक्रार होती. तिची शहानिशा करायला 1961-62 मध्ये देशभर ससाण्यांची गणना झाली, आणि निघालं भलतंच. ससाणेच झपाट्याने संपत चालले होते. ही पाहणी चालवणाऱ्या डेरेक रॅटक्लिफने पुढे अंड्यांच्या कवचांची वजनं तपासली. त्यासाठी जुनी अंडी हवी होती, आणि ती होती अंडी जमवण्याचा छंद असणाऱ्यांच्या संग्रहांत. रॅटक्लिफला दिसलं की 1947 च्या आसपासपासून कवचं अचानक हलकी, पातळ झाली आहेत. म्हणजे डीडीटी शेतांत पसरायला लागलं तेव्हापासून. अंडी उबवताना फुटत होती. हा निबंध 'नेचर'मध्ये छापून आला तोही 1967 मध्येच. बेकरचं पुस्तक आणि हा निबंध एकाच वर्षाचे.

ज्यांनी घरट्यांतून अंडी चोरली त्यांनी अंड्यांच्या तारखा आणि सनावळी नीट जपल्या. त्यावरून गुन्हेगार सापडला. कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंधनं आली, आणि ससाणे परतले. 2014 च्या गणनेत ब्रिटन आणि आसपासच्या बेटांवर मिळून 1,750 हून अधिक जोड्या होत्या. लंडनमध्ये टेट मॉडर्नच्या चिमणीवरही ते बसलेले दिसतात. आणि ज्याने पक्ष्यावर जीव टाकला त्याने मात्र सन काढून टाकला. जागा लपवण्यामागे पक्ष्यांचं रक्षण हा हेतू असू शकतो. पण एसेक्समधले त्याचे ससाणे हिवाळी पाहुणे होते. तिथे त्यांची घरटी नव्हती, अंडीही नव्हती. बंदुकीपासून वाचवायला गावाचं नाव लपवणं मी समजू शकतो. सन लपवून कुणाचं रक्षण होतं?

गंमत म्हणजे बेकरला मोजता येत नव्हतं असं नाही. डायरी सुरू होण्याआधी ससाण्यांविषयी एक प्रकरण आहे. त्यात दहा हिवाळ्यांत सापडलेल्या 619 शिकारींचा हिशेब आहे: 38 टक्के वुडपिजन, 14 टक्के काळ्या डोक्याचे कुरव, मग लॅपविंग आणि बाकीचे. कौतुक करणारे हे प्रकरण बहुधा ओलांडून पुढे जातात. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. वुडपिजन हा शेतातलं दाणे टिपणारा पक्षी. त्या काळात पेरणीच्या बियाण्याला विषारी औषधं चोळलेली असत. दाण्यातून कबुतरात आणि कबुतरातून ससाण्यात विष जाई. म्हणजे पक्षी कशाने मरतोय याचा एक धागा बेकरच्या स्वतःच्या कोष्टकात पडलेला होता. शेतीतल्या रसायनांवर तो चिडतो, ससाणे संपणार हे दुःख पानापानावर आहे, पण तो धागा उचलून पुढे जात नाही. त्याला कारण शोधायचं नव्हतं. त्याला ससाणा व्हायचं होतं.

हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही, पुस्तकाचा विषयच तो आहे. ससाण्याजवळ जायचं तर रोज तेच कपडे घाला, त्याच वाटेने या, त्याच क्रमाने त्याच हालचाली करा, असे नियम तो स्वतःला घालतो. हळूहळू 'मी' पातळ होत जातो. माणसांचा त्याला तिटकारा आहे. थंडीत एक बगळा जमिनीला चिकटून गोठलेला सापडतो, पंख हलत नाहीत, फक्त डोळे जिवंत. बेकर जवळ येतो तसा तो उडायची धडपड करतो. बेकर त्याला मारून सोडवतो. मरणापेक्षाही रानातल्या जिवाला माणसाची भीती मोठी वाटते, हे बेकरचं म्हणणं तिथे थेट अंगावर येतं. माझ्या मते पुस्तकातला हा सर्वांत खरा प्रसंग आहे.

पण माणसांचा हा तिटकारा पुस्तकाला अरुंदही करतो. बेकरच्या शेतांत शेतकरी जवळजवळ दिसत नाहीत, खाडीवर मासे धरणारे दिसत नाहीत. घरी बायको होती, ती कुठेच नाही. मराठीत मारुती चितमपल्ली वाचलेल्याला हे लगेच खटकेल. त्यांच्या लेखनात पक्षी येतो तो बहुतेकदा कुणाच्या तरी तोंडून. त्याचं नाव, त्याची सवय, त्याची गोष्ट एखाद्या गोंडाने किंवा ढिवराने सांगितलेली असते. तिथे जंगल म्हणजे माणसांशिवायची पवित्र जागा नाही. बेकरला असं कुणी भेटलं नाही, किंवा भेटलेलं त्याने लिहिलं नाही. ज्या रसायनांनी ससाणा मारला ती वापरणारा माणूसच पुस्तकात नसेल, तर राग करायचा कुणाचा? मग तो अख्ख्या मनुष्यजातीचा होतो, आणि अख्ख्या जातीवरच्या रागातून काही निष्पन्न होत नाही.

शेवटची नोंद 4 एप्रिलची आहे. समुद्राच्या बांधापलीकडे ससाणा विसावलेला आहे. बेकर अगदी जवळ जातो, काही हातांवर, आणि ससाणा उडत नाही. त्याचे डोळे मिटतात. सगळं पुस्तक या ओळींकडे चाललेलं असतं: एका रानपक्ष्याने एका माणसाची भीती सोडली. हे खरोखर घडलं का, हा म्हणूनच फालतू प्रश्न नाही. घडलं असेल, तर माणसाला माफी मिळू शकते. नसेल, तर ही एका माणसाची इच्छा आहे, फार उत्कट, फार सुंदर, पण इच्छाच. ते कोणत्या वर्षीचं 4 एप्रिल होतं हे बेकरने लिहिलं नाही. मी ते पान इच्छा म्हणून वाचतो, आणि 619 शिकारींचं कोष्टक पुरावा म्हणून. पुस्तक हातात घेणाऱ्याने निदान ते कोष्टक ओलांडून जाऊ नये.