देवळाचा वाघ

शिकारकथा म्हटली की मचाण, चांदणी रात्र, बंदुकीचा बार आणि अखेरीस अंगणात पसरलेले कातडे, एवढेच चित्र वाचकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. या वाङ्मयप्रकारात हरलेल्या शिकाऱ्याची कथा सहसा लिहिली जात नाही. म्हणूनच जिम कॉर्बेट यांच्या 1954 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द टेंपल टायगर अँड मोअर मॅनईटर्स ऑफ कुमाऊँ’ या पुस्तकातील पहिल्या कथेकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ती फसलेल्या शिकारीची कथा आहे आणि तिच्या केंद्रस्थानी एक देऊळ आहे.

पनारच्या नरभक्षक बिबट्याच्या मागावर असता कॉर्बेट कुमाऊँतील देवीधुऱ्यास येतात. तेथील देवालयाच्या परिसरात एक वाघ वावरत असे. तो गुरे मारी. माणसांच्या वाटेस जात नसे. पुजारी कॉर्बेट यांचा स्नेही. वाघ मारण्यास त्याची हरकत नाही. मात्र हा वाघ कोणाच्याही हातून मरावयाचा नाही, एवढे तो शांतपणे सांगून ठेवतो. पुढे तसेच घडते. कधी नेम चुकतो, कधी दैव आडवे येते, एकदा तर अस्वल मध्ये पडते. आणि वाघ जिवंत राहतो.

देवभक्त वाचक या कथेत चमत्कार पाहील. आम्हांस तो मोह आवरावासा वाटतो. कॉर्बेट यांनी प्रत्येक अपयशाचे साधे, ऐहिक कारण दिले आहे. पुजाऱ्याच्या श्रद्धेची टवाळी केलेली नाही, की तिच्या आड आपली चूक लपविलेली नाही. हा प्रांजळपणा हेच या लेखनाचे पहिले यश होय.

परंतु एक प्रश्न उरतोच. नरभक्षकाच्या शोधात निघालेल्या माणसाने निरुपद्रवी वाघावर बंदूक का रोखावी? पनारच्या बिबट्याने कॉर्बेट यांच्या हिशेबाप्रमाणे 400 माणसे मारली होती. 1910 साली त्यास मारणे हे कर्तव्यच होते. देवळाच्या वाघाची शिकार ही निव्वळ हौस होती. 1944 सालच्या ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊँ’ या पुस्तकातही हाच विसंवाद आहे. 436 बळी घेतलेल्या चंपावतच्या वाघिणीचे सुळे जुन्या गोळीने तुटले होते, म्हणून ती माणसांकडे वळली, असे लेखक दाखवून देतो. म्हणजे एका बंदुकीने नरभक्षक घडविला आणि दुसरीने तो संपविला. तरीही त्याच पुस्तकात पवलगढचा, कोणाचाही बळी न घेतलेला वाघ 1930 साली त्याच लेखकाच्या गोळीने पडतो.

कथेतील खरी उणीव मात्र आमच्या मते निराळी आहे. वाघ, शिकारी आणि पुजारी या तिघांच्या रेखाटनात ज्याची गाय गेली त्याचे घर मागे राहते. श्रद्धेने वाघ वाचला हे ऐकावयास गोड आहे. पण त्या श्रद्धेची किंमत कोणी मोजली?

हा प्रश्न कुमाऊँपुरता नाही. आपल्या सत्तरीत वाघ्रोदेवाच्या पाषाणमूर्ती आहेत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांस नारळ वाहिला जातो. त्याच सत्तरीत, म्हादई अभयारण्यातील गोळावली येथे, जानेवारी 2020 मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मृत आढळले. गुरे मारली म्हणून विष घातल्याच्या आरोपावरून काही ग्रामस्थांस अटक झाली. 1972 चा वन्यजीव कायदा होता, अभयारण्य होते, देवही होता. चारांपैकी एकही वाचला नाही. पुढे 24 जुलै 2023 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई परिसर तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करण्याचा आदेश दिला.

वाघ राखलाच पाहिजे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. जो माणसे मारू लागला आणि पकडता येत नाही, त्यास मारण्याची मुभा कायद्यातही आहे. हौसेस मात्र तेथे थारा नाही, आणि तो नसावाच. तथापि वाघाला नमस्कार करणाऱ्यांनी गोठ्यातील रिकाम्या दाव्याकडेही पाहिले पाहिजे. मेलेल्या गाईची भरपाई वेळेवर गोठ्यापर्यंत पोचणे, हीदेखील देवळाच्या वाघाची पूजाच आहे. देवस्थानांनी उत्सवाच्या खर्चातून थोडा वाटा त्यासाठी बाजूस काढला, तर वाघ्रोदेव रुष्ट होणार नाही.

देवीधुऱ्याच्या पुजाऱ्याने वाघ राखण्यासाठी काही केले नाही; त्याने केवळ विश्वास ठेवला. त्या काळी तेवढ्याने भागले. आपले भागणार नाही. ही कथा रसिकांनी अवश्य वाचावी, आणि वाचून झाल्यावर तिच्यात न आलेल्या त्या गाईच्या धन्याची आठवण ठेवावी.