‘कोणी नाही’ म्हणजे कोण?

१९९२च्या मे महिन्यात केंब्रिज विद्यापीठाला एका मानद पदवीसाठी चक्क मतदान घ्यावे लागले. पदवी द्यायची होती फ्रेंच तत्त्वज्ञ झाक देरिदा यांना. त्यांच्या लेखनात स्पष्टता नाही, काटेकोरपणा नाही, असे पत्र एकोणीस विद्वानांनी लंडनच्या ‘द टाइम्स’ला धाडले. अमेरिकी तत्त्वज्ञ क्वाइन यांचीही त्यावर सही होती. ३३६ विरुद्ध २०४ मतांनी पदवी मिळाली. एकाच विषयातली माणसे परस्परांना त्या विषयातली मानायलाच तयार नाहीत, हे मात्र चारचौघांत उघड झाले.

पाठ्यपुस्तकांत या फुटीला ‘विश्लेषक’ आणि ‘कॉन्टिनेन्टल’ अशी नावे आहेत. नावेच फसवी. एक पद्धतीचे, दुसरे भूगोलाचे. विश्लेषक परंपरेचा पाया घालणारे फ्रेगे जर्मनीत येना इथे शिकवत. तार्किक अनुभववाद व्हिएन्नात वाढला. विट्गेनश्टाइनही मूळचे तिथलेच.

१९२९ साली स्वित्झर्लंडमधल्या दावोसला अर्न्स्ट कासिरेर आणि मार्टिन हायडेगर हे जर्मन तत्त्वज्ञ समोरासमोर आले, तेव्हा वाद दोघांनाही आपला वाटणाऱ्या कांटवरच होता. माणसाची बुद्धी त्याला मर्यादेपलीकडे नेते, की मर्यादा हेच माणूसपणाचे मर्म? श्रोत्यांत व्हिएन्नाचे रुडॉल्फ कार्नॅप बसले होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी सत्तामीमांसेवर जो लेख लिहिला, त्यात हायडेगर यांची ‘शून्या’विषयीची वाक्ये तपासायला घेतली.

कार्नॅप यांचा मुद्दा मराठीतही कळतो. ‘दारात कोण आहे?’ ‘कोणी नाही.’ इथे ‘कोणी नाही’ हे कुणा माणसाचे नाव नव्हे. दारात माणूस असल्याचा तो केवळ नकार. या नकाराला नाम समजून त्याला क्रियापद जोडले, तर वाक्य व्याकरणात बसते, पण तर्काच्या चिन्हांत मांडताच येत नाही. कार्नॅप म्हणतात, हायडेगर यांनी नेमके हेच केले. भाषेपुरते कार्नॅप बरोबरच होते. पण घरातले माणूस गेल्यावर रिकाम्या खाटेकडे पाहणाऱ्याला जे जाणवते, ते नुसत्या नकारात मावत नाही. हायडेगर यांचा रोख त्या अनुभवाकडे होता आणि कार्नॅप यांच्या चाळणीतून तोच गळून गेला.

वाद इथवर राहता तर बरे झाले असते. १९३३मध्ये हायडेगर नाझी पक्षात गेले आणि ज्यू असलेल्या कासिरेर यांना जर्मनी सोडावी लागली. १९३५मध्ये कार्नॅप अमेरिकेला निघाले. पुढच्याच वर्षी तार्किक अनुभववाद्यांच्या व्हिएन्ना मंडळाचे अध्वर्यू मोरित्स श्लिक यांना विद्यापीठाच्या जिन्यावर गोळ्या घातल्या गेल्या. जे वाद एका दिवाणखान्यात चालले असते, त्यांच्या मध्ये आता समुद्र आला.

समुद्रापलीकडे विश्लेषक तत्त्वज्ञान बारीक कोरीवकामात रमले. १९६३चा एडमंड गेटिअर यांचा निबंध जेमतेम तीन पानांचा. त्यातल्या उदाहरणात स्मिथ आणि जोन्स एकाच नोकरीचे उमेदवार. नोकरी मिळणाऱ्या माणसाच्या खिशात दहा नाणी आहेत, असे स्मिथला सबळ पुराव्यानिशी वाटते. जोन्सची नाणी त्याने मोजलेली असतात आणि नोकरी जोन्सलाच मिळणार असे कळलेले असते. नोकरी मिळते स्मिथलाच, आणि योगायोगाने त्याच्याही खिशात दहाच नाणी निघतात. समजूत खरी, तिला आधारही आहे. तरी तिला ज्ञान म्हणवत नाही. ज्ञान म्हणजे आधार असलेली खरी समजूत, ही प्लेटोपासून चर्चेत असलेली व्याख्या तीन पानांत डळमळली, ही मोठीच कामगिरी. तिच्या डागडुजीत मात्र पुढे पिढ्या खर्ची पडल्या.

मराठीत हे दोन प्रवाह दोन वेगळ्या घाटांवर उतरले. काटेकोर विश्लेषण मे. पुं. रेगे, दि. य. देशपांडे यांच्यासारख्या प्राध्यापकांकडून आले. सार्त्र आणि काम्यू आले ते कवी-कादंबरीकारांच्या हातून. त्यामुळे अस्तित्ववाद आपल्याकडे मुख्यतः मनःस्थिती म्हणून वाचला गेला, युक्तिवाद म्हणून फारसा नाही. ही उणीव अजून भरायची आहे.

पश्चिमेत सांधा जुळवण्याचे काम सुरू झाले आहे. विश्लेषक घडणीच्या पिट्सबर्ग विद्यापीठात रॉबर्ट ब्रँडम यांनी ज्या हेगेलला विश्लेषक परंपरेतल्या पूर्वसुरींनी अडगळीत टाकले होते, त्यालाच पुन्हा हाती घेतले. हेगेलच्या एकाच ग्रंथावर त्यांनी २०१९ साली आठशेहून अधिक पानांचे भाष्य प्रसिद्ध केले.